महिनोन्महिने उभी राहणारी गाडी आणि उतरलेली बॅटरी

आंबाघाट | १५ फेब्रुवारी

माझे आईबाबा गावी असतात, देवरुखच्या पुढे बरंच आत. मी ठाण्यात. त्यांच्याकडे नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. बॅटरी ३५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), तीन वर्षांपूर्वी बदललेली. बाबा ७४ वर्षांचे आहेत, फारसे कुठे जात नाहीत, पण अडीअडचणीला गाडी दारात असावी म्हणून ठेवलीय.

मागच्या बुधवारी रात्री दीडच्या सुमारास आईला दम लागला. बाबांनी तिला धरून पडवीतून शेडमध्ये आणलं, गाडीत बसवलं, किल्ली फिरवली तर नुसतं टक्. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले आणि गेले. शेवटी खालच्या वाडीतल्या एका मुलाने त्याचा टेम्पो काढला आणि पाऊण तासाने आई दवाखान्यात पोचली. आता ती घरी आहे, बरी आहे.

बाबा मात्र तेव्हापासून गप्प आहेत. त्यांनी हयगय केली नव्हती हो. दर रविवारी पूजा आटोपली की पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवायचे, एकही रविवार चुकवला नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रत्नागिरीला लग्नाला गाडी नेली होती, त्यानंतर ती लांब गेली नाही. शेवटच्या दोन रविवारी सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) ओढत होता, पण त्यांना वाटलं थंडीचं असेल.

काल मी मल्टीमीटर घेऊन गेले. बॅटरीवर ११.५८ व्होल्ट. पॉझिटिव्ह टर्मिनलवर हिरवट पांढरी पूड साचलेली. गॅरेजवाला म्हणतो, बॅटरी गेली, नवीन टाका. टाकायची तर टाकू, पण नवीनही अशीच उभी राहणार ना? दर रविवारी गाडी चालू करूनही हे कसं झालं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, हे मला नीट समजून घ्यायचं आहे. बाबांनाही समजावून सांगायचं आहे.

साडेतीनशे | १५ फेब्रुवारी

आईंना बरं वाटतंय हे वाचून हायसं वाटलं. माझ्या मते पाच मिनिटं कमी पडतात. सेल्फ मारताना बॅटरीतून खूप करंट जातो, तो पाच मिनिटांत भरून येत नाही. मी बुलेट आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवतो. बाबांना वेळ वाढवायला सांगा.

जुना_कारागीर | १६ फेब्रुवारी

ताई, मी ३१ वर्षं जड वाहनांच्या वर्कशॉपात बॅटरीचं काम केलं. सविस्तर लिहितो, घाईने वाचू नका.

आधी आकडे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी मीटर लावला तर पूर्ण भरलेली साधी बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. ११.८ च्या खाली गेली की रिकामी समजा. गाडी नुकतीच बंद केली असेल किंवा चार्जर नुकताच काढला असेल तर आकडा फुगलेला दिसतो, त्यावर जाऊ नका. तुमचा ११.५८ म्हणजे बॅटरीत काही उरलेलंच नव्हतं.

रिकामी होण्यापेक्षा रिकामी पडून राहणं बॅटरीला मारतं. बॅटरी उतरते तेव्हा तिच्या प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. लगेच चार्ज केली तर ते पुन्हा विरघळतं. तशीच आठवडेच्या आठवडे ठेवली की त्याचे टणक खडे होतात. काकवीच्या बरणीत तळाला साखर बसते तसं. ताजी असताना ढवळली तर विरते, खडा धरला की चमचा वाकला तरी निघत नाही. वर्कशॉपात माझ्याकडे आलेल्या ‘गेलेल्या’ बॅटऱ्यांपैकी कितीतरी वयाने गेलेल्या नव्हत्या, उतरलेल्या अवस्थेत ठेवल्यामुळे गेल्या होत्या.

साडेतीनशे, तुमचा एक समज दुरुस्त करतो, राग मानू नका. सेल्फ करंट खूप ओढतो हे खरं, पण किती वेळ? दीडशे अँपिअर दोन सेकंद ओढले तरी हिशेब ०.०८ एएचच होतो. तेवढं लगेच भरून निघतं. खरं नुकसान गाडी बंद असताना होतं. घड्याळ, रिमोट लॉक, इंजिनाचा कॉम्प्युटर, स्टिरिओची मेमरी, सगळे थोडं थोडं पीत राहतात.

ताई, तुम्ही गावी असाल तर एक मोजमाप करा. मल्टीमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला. निगेटिव्ह टर्मिनल सोडा आणि मीटरची एक टोची बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी सुटलेल्या केबलला लावा. बॉनेट उघडं असलं तरी दरवाजे बंद हवेत आणि किल्ली बाहेर हवी. अर्धा तास थांबा, गाडीचे कॉम्प्युटर झोपायला वेळ लागतो. मग आकडा वाचा. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळेल. मोजून झालं की मीटरची लाल वायर परत व्होल्टच्या भोकात घाला. हे विसरून कुणी व्होल्टेज मोजायला गेलं की बॅटरी शॉर्ट होते.

आंबाघाट | १६ फेब्रुवारी

काका, इतकं समजावून सांगितलंत, मनापासून आभार. आजचा दिवस मी इथेच आहे. शेजाऱ्यांकडून चार्जर आणून बॅटरी रात्रभर लावली होती, म्हणून मोजता आलं. सुरुवातीला मीटर दोन अँपिअरच्या वर होता. मग टप्प्याटप्प्याने खाली आला आणि पंचवीस मिनिटांनी ०.०२६ वर थांबला. म्हणजे २६ मिलीअँपिअर. हे जास्त आहे का?

जुना_कारागीर | १६ फेब्रुवारी

अजिबात नाही. आजकालच्या गाडीला २० ते ५० हे चालतंच. तुमच्या गाडीत काही बिघाड नाही. आता बाबांना शेजारी बसवा आणि हा हिशेब कागदावर मांडा.

२६ मिलीअँपिअर गुणिले २४ तास गुणिले ७ दिवस, म्हणजे आठवड्याला साधारण ४.४ एएच. रविवारी पाच मिनिटं जागेवर इंजिन चाललं. आयडलिंगला अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरणारं जनित्र, आधी इंजिन चालवण्यासाठी लागणारा करंट पुरवतो, उरलेला बॅटरीला देतो. बॅटरीला १५ अँपिअर मिळाले असं धरलं तरी पाच मिनिटांत सव्वा एएच. म्हणजे दर आठवड्याला तीन एएच तोटा. लग्नाहून आल्यापासून त्या बुधवारपर्यंत नऊ आठवडे होतात. नऊ त्रिक सत्तावीस. बॅटरी नवी असताना ३५ ची, तीन वर्षांनंतर त्याहून कमीच. शेवटचे दोन रविवार सेल्फ ओढत होता तो त्यामुळे.

बाबांना सांगा, त्यांनी दर रविवारी जे केलं ते मन लावून केलं. पण आठवड्याला चार रुपये खर्च आणि सव्वा रुपया जमा, असं खातं चाललं होतं. कुणीही ते चालवलं असतं तरी तिथेच पोचलं असतं.

आंबाघाट | १६ फेब्रुवारी

काका, हे मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी पेन्सिल घेऊन स्वतः गुणाकार केला. मग म्हणाले, “म्हणजे माझं चुकलं नव्हतं, कमी पडलं होतं.” आठवडाभरात पहिल्यांदा मनातलं बोलले.

साडेतीनशे | १६ फेब्रुवारी

काका, राग कसला, डोळे उघडले. मग मी पंधरा मिनिटं ठेवतो ते योग्य की नाही?

जुना_कारागीर | १७ फेब्रुवारी

बुलेट जागेवर गुरगुरत ठेवण्यापेक्षा तेवढाच वेळ रस्त्यावर फिरवून आणा. आयडलिंगला चार्जिंग कमी होतं आणि इंजिन धड तापत नाही. सायलेन्सरमध्ये आणि ऑईलमध्ये पाण्याचा अंश राहतो, तोही वाईटच. चारचाकीलाही हेच लागू. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर नेता येत असेल तर चार्जरची गरजच नाही. नेता येत नसेल तर उगाच चालूबंद करू नका, दुसरा उपाय करा.

दर्यावर्दी | १७ फेब्रुवारी

मी मर्चंट नेव्हीत आहे, एका वेळी पाच-सहा महिने बोटीवर असतो. गाडी खारघरच्या सोसायटीत तळघरात. तिथे ना प्लग, ना ऊन. मी निघायच्या दिवशी निगेटिव्ह काढून ठेवतो. दहा नंबरचा पाना लागतो. केबलचं टोक जाड कापडात गुंडाळून बाजूला वळवतो, म्हणजे आपोआप चिकटत नाही. गेल्या खेपेला १२.६८ वर सोडली होती, साडेपाच महिन्यांनी १२.४१ मिळाली. गाडी पहिल्या झटक्यात चालू.

काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. कारण गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. आधी पॉझिटिव्ह खोलायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट, पाना लाल होईपर्यंत.

दोन गोष्टी मी चुकीतून शिकलो. एक, बॅटरी काढली की रिमोट चालत नाही, दरवाजा किल्लीनेच उघडावा लागतो. तेव्हा किल्लीचं कुलूप वापरात ठेवा, तेल घाला. माझं गंजलं होतं आणि मी बॅगा घेऊन पाऊण तास बाहेर उभा होतो. ज्या गाडीची बॅटरी डिकीत आहे आणि डिकी फक्त बटणाने उघडते, तिथे तर डिकी लावून घेण्याआधीच विचार करा. दोन, घड्याळ, स्टिरिओचा कोड, काचांचा ऑटो बंद-चालू हे सगळं परत लावावं लागतं. कोड आधी लिहून ठेवा.

बॅटरी काढायची नसेल आणि गाडी बिनकिल्लीची, म्हणजे किल्ली नुसती जवळ असली तरी बटणावर चालू होणारी असेल, तर किल्ली गाडीजवळच्या भिंतीला टांगू नका. किल्ली जवळ असली की काही गाड्या अर्धवट जाग्या राहतात.

निवांत_नागपूर | १८ फेब्रुवारी

नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका. उन्हाळ्यात चार महिने मुलाकडे बंगळुरूला असते, गाडी म्हणजे माझी स्कूटर, बीएस सिक्सवाली (धुराच्या नव्या नियमांची). मागच्या वर्षी परत आले तर बॅटरी पार बसलेली. मेकॅनिकने चारचाकीच्या चार्जरला लावली, ती गरम झाली आणि फुगली. नवीन घ्यावी लागली. दुचाकीचं गणित वेगळं असतं का?

जुना_कारागीर | १८ फेब्रुवारी

बाई, गणित तेच, आकडे लहान. तुमच्या स्कूटरची बॅटरी चार-पाच एएचची असेल. चार्जिंगचा करंट बॅटरीच्या एएचच्या दहाव्या भागाइतका ठेवायचा, ही आमची जुनी रीत. म्हणजे तुमच्या बॅटरीला अर्ध्या अँपिअरच्या आत. चारचाकीच्या जुन्या चार्जरने चार-पाच अँपिअर सोडले तर ती फुगणारच. दुचाकीसाठी वेगळी सोय असलेला चार्जर घ्या. बॉशच्या सी थ्रीवर दुचाकीसाठी ०.८ अँपिअर आणि चारचाकीसाठी ३.८, अशा दोन्ही सोयी आहेत. ०.८ हे माझ्या रीतीपेक्षा थोडं जास्त, पण तो चार्जर व्होल्टेज बघून स्वतः करंट कमी करतो, म्हणून चालतं.

नागपूरचा उन्हाळा हा तुमचा दुसरा शत्रू. बॅटरी नुसती ठेवली तरी आतल्या आत थोडी उतरते, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की तो वेग साधारण दुप्पट होतो. पत्र्याखाली चार महिने स्कूटर ठेवण्यापेक्षा बॅटरी काढून घरातल्या सर्वात थंड खोलीत ठेवा. जायच्या आदल्या दिवशी पूर्ण चार्ज करा. शेजारी कुणी विश्वासाचं असेल तर दोन महिन्यांनी एकदा चार्जिंगला लावायला सांगा.

आणि एक. एप्रिल २०२० पासूनच्या बहुतेक गाड्यांना इंजेक्शन असतं. पेट्रोलचा पंप विजेवर चालतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला किक मारून काम भागायचं, इथे बॅटरी पूर्ण बसली तर किकनेही भागेल असं नाही.

ऊसपट्टा | १९ फेब्रुवारी

आमच्यात दोन ट्रॅक्टर हाईत. एक शेतीकामाचा, त्याची काय काळजी नाही. दुसरा निव्वळ ऊस वाहतुकीला. कारखान्याचा पट्टा पडला, म्हंजे गाळप संपलं की दिवाळीपतूर उभाच. मी बॅटरी काढून घरी आणतो, महिन्यातनं एकदा रात्रभर चार्जिंगला लावतो. चार वर्षं झाली, तीच बॅटरी हाय.

वडील म्हणायचे, बॅटरी फरशीवर ठेवू नको, फरशी करंट ओढून घेती. म्हणून फळीवर ठेवतो. काका, हे खरं का?

जुना_कारागीर | १९ फेब्रुवारी

वडिलांचं त्यांच्या काळात खरं होतं. पूर्वी बॅटरीचे डबे लाकडाचे किंवा कडक रबराचे असत. त्यांच्यातून ओल आणि आम्ल झिरपायचं आणि ओल्या जमिनीवर त्या लवकर उतरायच्या. आताचा डबा प्लॅस्टिकचा, फरशीचा त्याला काही फरक पडत नाही. तरी फळी राहू द्या. आम्ल सांडलं तर फरशी खराब होत नाही आणि उचलायला बोटं घालता येतात.

तुमची बॅटरी बुचांची असणार, तेव्हा पाण्याचं बघा. प्लेटा उघड्या दिसत असतील तर त्या बुडतील एवढंच पाणी आधी घाला आणि वरची पातळी चार्जिंग झाल्यावर भरा, कारण चार्ज होताना पातळी वर येते. पाणी डिस्टिल्डच. घरच्या फिल्टरचंही नको. आणि आम्ल तर कधीच घालायचं नाही, आम्ल उडत नाही, उडतं ते पाणी. हायड्रोमीटर असेल तर सहाही सेल तपासा. आपल्याकडच्या उष्ण हवेत भरलेल्या बॅटरीची ग्रॅव्हिटी (आम्लाची घनता) १२४० ते १२६० मिळते. पाच सेल तिथे आणि एकच सेल ११५० ला असेल तर ती बॅटरी चार्जरने सुधारणार नाही.

टर्मिनलवरच्या पुडीसाठी, आंबाघाट ताई हे तुमच्यासाठीही: गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, फेस येऊन जातो. बुचांतून आत जाऊ देऊ नका. कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा.

साडेतीनशे | २० फेब्रुवारी

सौर पॅनेलचं काय? दहा वॅटचं छोटं पॅनेल डॅशबोर्डवर ठेवून लायटरच्या सॉकेटात लावतात. शेडमध्ये वीज नसेल त्यांना बरं पडेल.

दर्यावर्दी | २० फेब्रुवारी

उघड्यावर उभ्या गाडीला उत्तम. चांगल्या उन्हात दहा वॅटचं पॅनेल दिवसाला तीन एएचच्या आसपास देतं आणि गाडीची गरज अर्ध्या-पाऊण एएचची असते. पण काचेमागे ठेवलं की उत्पन्न घटतं. दुसरं, बऱ्याच गाड्यांत लायटरचं सॉकेट किल्ली बंद केली की तुटतं, मग पॅनेल नुसतं शोभेला. थेट बॅटरीला जोडा आणि मध्ये चार्ज कंट्रोलर (बॅटरी जास्त भरू न देणारं यंत्र) घालाच. आंबाघाट यांच्या शेडवर जुलैत पॅनेल लावून काही हाती लागणार नाही. कोकणातला पाऊस आणि वर पत्रा.

हिमवाट | २० फेब्रुवारी

एडमंटनहून लिहितोय. मूळचा साताऱ्याचा. इकडे प्रश्न उलटा, पण मूळ तेच. तीन आठवडे भारतात येऊन गेलो, गाडी उघड्या पार्किंगमध्ये होती. परतलो तेव्हा उणे २८. बॅटरीच्या डब्याच्या बाजू फुगलेल्या, आत बर्फ. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे पन्नासलाही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीत जवळपास पाणीच उरतं, ते उणे सात-आठलाही गोठू शकतं. अशी गोठलेली बॅटरी जंप द्यायला, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडून चालू करायला जाऊ नका, फुटू शकते. आता मी प्रत्येक वेळी निघताना शेजाऱ्याच्या गराजमधून वायर ओढून मेंटेनर लावून जातो. इथे हिवाळ्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांना लोक तो सर्रास लावतात.

मेंटेनर म्हणजे काय ते थोडक्यात. साधा जुना चार्जर सारखा करंट ढकलत राहतो. बॅटरी भरली तरी थांबत नाही, मग पाणी उकळल्यासारखं उडून जातं. मेंटेनर आधी साधारण १४.४ व्होल्टपर्यंत भरतो, मग १३.५ च्या आसपास उतरून तिथेच राहतो. गाडी जेवढं पिते तेवढंच देतो. महिनोन्महिने लावून ठेवता येतो. मात्र खोक्यावर तसं लिहिलेलं असेल तरच.

वीजवाहन | २१ फेब्रुवारी

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हा धागा आपला नाही असं समजू नये. आमच्या गाडीतही एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि मोठा पॅक (गाडी चालवणारी मुख्य बॅटरी) जोडणारे स्विच तिच्यावर चालतात. ती बसली तर मोठ्या पॅकमध्ये ८० टक्के असूनही गाडी जागी होत नाही. लांब जाणार असाल तर मोठा पॅक निम्म्याच्या आसपास ठेवा, पूर्ण भरून किंवा तळाला नेऊन ठेवू नका. आणि मोबाइलच्या ॲपवरून रोज गाडीची विचारपूस करू नका, प्रत्येक वेळी गाडी जागी होते.

आंबाघाट | २ मार्च

बॅटरीचं पुढचं. जुनी बॅटरी चौदा तास चार्ज केली, रात्रभर ठेवली, सकाळी १२.३७. सेल्फ मारताना बाबांनी किल्ली फिरवली आणि मी मीटर धरला तर ८.७ पर्यंत कोसळली.

जुना_कारागीर | २ मार्च

सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जाणारी बॅटरी भरवशाची नाही. तुमच्याकडे गाडी रात्री-अपरात्री लागणार. बदला.

नवीन बॅटरीला मेंटेनर कायमचा लावा. निगेटिव्ह काढून ठेवणं दर्यावर्दींना जमतं, त्यांना सहा महिने गाडी नको असते. तुम्हाला ती आत्ता या क्षणी हवी असू शकते. ७४ वर्षांच्या माणसाने अंधारात पाना शोधायचा का?

चार्जर घेताना दुकानात एक गोष्ट तपासूनच घ्या. प्लग काढा, परत लावा. काही चार्जर वीज गेली की आपली सेटिंग विसरतात आणि बटण दाबेपर्यंत झोपून राहतात. तुमच्या गावी पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते तुम्हाला माहीत आहे. स्वतःहून परत सुरू होणाराच घ्या. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवायचा.

जोडणीचा क्रम: चिमटे आधी, मेन स्विच नंतर. काढताना मेन स्विच आधी, चिमटे नंतर. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. माझ्या एका सहकाऱ्याने करंट चालू असताना चिमटा ओढला, ठिणगी पडली आणि बॅटरीचं झाकण उडालं. आम्ल तोंडावर. पाण्याचा नळ चार पावलांवर होता म्हणून डोळे वाचले. आम्ही त्याचं डोकं वीस मिनिटं नळाखाली धरून ठेवलं होतं. शेडमध्ये पाण्याची बादली ठेवा आणि हवा खेळती राहू द्या.

दर्यावर्दी | ३ मार्च

काकांचं वाचून एक सुचवतो. बऱ्याच मेंटेनरबरोबर गोल कड्यांची एक वायर मिळते. ती बॅटरीच्या टर्मिनलला कायमची आवळून टाका आणि प्लगचं टोक पुढच्या जाळीतून बाहेर काढा. मग बॉनेट उघडायला नको, ठिणगी बॅटरीजवळ पडायला नको. त्या वायरीला फ्यूज आहे ना ते बघा. उंदीर-घुशी असतील तर वायर जमिनीला लोळू देऊ नका.

जुना_कारागीर | ३ मार्च

छान सुचवलंत. आणि ती वायर ड्रायव्हरच्या दरवाजाच्या हँडलवरून घ्या. म्हणजे ती काढल्याशिवाय दरवाजाच उघडणार नाही आणि घाईत कुणी प्लगसकट गाडी बाहेर काढणार नाही.

जंपच्या केबलही डिकीत ठेवा. क्रम पाठ करा: लाल आपल्या उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, लालचं दुसरं टोक मदतीच्या गाडीच्या पॉझिटिव्हला. काळी मदतीच्या गाडीच्या निगेटिव्हला, आणि काळीचं शेवटचं टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडतेच, ती बॅटरीपासून दूर पडावी म्हणून. टेम्पोवाल्या त्या मुलालाही हे दाखवून ठेवा. टेम्पो बारा व्होल्टचा आहे ना तेवढं आधी विचारा, मोठ्या ट्रकची चोवीसची असते.

निवांत_नागपूर | ९ जुलै

परवा परतले. जाताना बॅटरी देवघराच्या खोलीत ठेवली होती, शेजारच्या मुलीने मे महिन्यात एकदा चार्जिंगला लावली. आल्यावर १२.५. स्कूटर बटणावर चालू झाली. काका, तुम्हाला नागपूरहून नमस्कार.

आंबाघाट | २० सप्टेंबर

गणपतीसाठी गावी आले होते, म्हणून इथली हकीकत लिहिते. मेंटेनर मार्चपासून लावलेला आहे. दुकानात तीनदा प्लग काढून लावून बघितला, मगच घेतला. जूनमध्ये एकदा दोन दिवस वीज नव्हती, आल्यावर आपोआप सुरू झाला. चार्जरचा हिरवा दिवा शेडच्या खांबावर आहे. आई संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावायला येते तेव्हा तिकडेही एक नजर टाकते. वायर हँडलवरून घेतलीय. ती कशी काढायची हे आईलाही येतं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाबा स्वतः गाडी घेऊन गणपतीच्या शाळेत गेले, भर पावसात. किल्ली अर्धी फिरली नाही तोच गाडी सुरू झाली. मूर्ती मांडीवर घेऊन मी मागे बसले होते.

रविवारची पाच मिनिटं त्यांनी सोडलेली नाहीत, फक्त काम बदललंय. महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी प्लग काढतात, रविवारी पूजा झाली की मीटर लावतात, आकडा शेडच्या भिंतीवर खडूने लिहितात आणि प्लग परत लावतात. काल मी फोटो काढला. एप्रिल १२.७०, मे १२.६९, जून १२.६८, जुलै १२.७०, ऑगस्ट १२.७०, सप्टेंबर १२.७१.